चमचाभर बेंझोएट म्हणजे किती?

जांभळाचं सरबत पहिल्यांदा केलं, तेव्हा लिंबाच्या सरबतासाठी आणलेलं केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे सरबत टिकवणारं रसायन, त्यातही घातलं. बघता बघता गर्द जांभळा रंग पार फिकुटला. केएमएसमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड जांभूळ, कोकम, काळी द्राक्षं यांचा रंग उडवतो. म्हणून या फळांना सोडियम बेंझोएट वापरतात. विकतच्या बाटलीवर ते 'आयएनएस 211' असं छापलेलं असतं.

ही पांढरी पूड आंबटातच काम करते. आम्लात तिचं बेंझॉइक आम्ल होतं, ते यीस्टच्या पेशीत शिरतं आणि आतून पेशी आंबट करून तिची वाढ रोखतं. सामू (pH) साडेचारच्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी झाला, की फारसा उपयोग नाही.

आपल्या पोटात गेलेलं बेंझोएट यकृत ग्लायसीन या अमिनो आम्लाशी जोडतं. त्याचं हिप्युरिक आम्ल होऊन ते लघवीवाटे निघून जातं. लवंग-दालचिनीतही बेंझॉइक आम्ल असतंच. रक्तात अमोनिया साठण्याचा जन्मजात विकार असलेल्या बाळांना तर सोडियम बेंझोएट औषध म्हणून देतात. तेव्हा नुसत्या नावाला घाबरायचं कारण नाही. मला काळजी वाटते ती मापाची.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना, यांच्या तज्ज्ञ समितीने 2021 मध्ये ती 20 पर्यंत वाढवली. लहान मुलांसाठी मी 5 चाच आकडा धरते. 15 किलोच्या मुलाला दिवसाला 75 मिलिग्रॅम. आपल्याकडे स्क्वॅशमध्ये किलोला 600 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तेही बेंझॉइक आम्ल म्हणून मोजून. 50 ग्रॅम स्क्वॅशच्या एका पेल्यात झाले 30. सुट्टीत खेळून आलेलं मूल तिसरा पेला संपवतं, तिथे ते 90 वर पोचलेलं असतं!

घरी तर आपण 'चमचाभर घाल' म्हणून मोकळे होतो. चहाच्या चमच्यात तीन-चार ग्रॅम पूड सहज बसते; किलोभर सरबताला 0.7 ग्रॅम पुरते (त्यातलं बेंझॉइक आम्ल 600 मिलिग्रॅमच्या आतच राहतं). छोटा वजनकाटा घ्याच.

लिंबू-आवळ्यात मात्र बेंझोएट नको. क जीवनसत्त्वाच्या संगतीत त्यापासून बेंझीन बनू शकतं, ऊन आणि उष्णता मिळाली तर जास्तच. बेंझीन कर्करोगकारक आहे. 2005-06 मध्ये अमेरिकेत काही शीतपेयांत ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून, म्हणजे अब्जात 5 भागांहून, जास्त सापडलं आणि उत्पादकांना घटक बदलावे लागले. त्यामुळे दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या बाटल्या मी घेत नाही. लिंबाला केएमएसच घालते, पण घरी कुणाला दमा असेल तर तेही टाळावं.

कोकमाच्या आगळाला यातलं काहीच लागत नाही. त्यातलं मीठच त्याला टिकवतं.