एसएसआरआय गोळ्यांची पार्श्वभूमी: सेरोटोनिन आणि कमतरतेची गोष्ट

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या मानसोपचाराच्या चिठ्ठ्यांवर एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नावे नेहमीची. तिन्ही एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधगटातली. सेरोटोनिन हे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारे रसायन, आणि सोडलेले सेरोटोनिन चेतापेशी परत ओढून घेते. गोळी ही परतीची वाट अडवते.

नैराश्यावरची पहिली औषधे १९५०च्या दशकात जवळपास योगायोगानेच हाती लागली. त्यातले एक मूळचे क्षयाचे. एसएसआरआय मात्र ठरवून घडवलेले. झिमेलिडिन १९८२ मध्ये युरोपात विक्रीला आले आणि हातापायांतले बळ जाणाऱ्या एका दुर्मीळ विकारामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले. फ्लुऑक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये परवानगी मिळाली. भारतात २००५ पर्यंत पेटंट औषधाच्या रेणूला नव्हे, बनवण्याच्या पद्धतीला मिळे. देशी कंपन्यांना स्वस्त गोळ्या काढता आल्या त्या त्यामुळे.

खरा वाद 'सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य' या विधानाचा. १९६०च्या दशकातला हा तर्क उलट्या बाजूने आला होता: औषधाने रसायन वाढते, रुग्ण सुधारतो, म्हणजे आजार त्याच्याच कमतरतेचा. पुढे अमेरिकेतल्या जाहिरातींनी त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. ते सगळ्यांच्याच सोयीचे होते. पागलखाना चौकाचे नाव काढले तरी जिथे घरचे गप्प होतात, तिथे 'शुगरसारखंच आहे, गोळी घ्यायची' या वाक्याने रुग्णाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. हेतू चांगला, पण विज्ञान कच्चे.

कारण गोळी परतीची वाट काही तासांतच अडवते, मन सावरायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला वाढलेले सेरोटोनिन पाहून पेशी स्वतःच स्राव आवरता घेते. हा लगाम सैल व्हायला वेळ लागतो, असा एक खुलासा. पेशींमधल्या जोडण्या हळूहळू बदलतात, हा दुसरा. शेवटचा शब्द अजून कुणाचाच नाही. तोवर मळमळ, उडालेली झोप, अस्वस्थता. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते, तेव्हा पोट आधी बिघडते यात नवल नाही. 'चार दिवस झाले, उलट त्रासच वाढला' म्हणत अर्धी स्ट्रिप कपाटात पडते ती याच टप्प्यावर.

२०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात कमतरतेचा ठोस पुरावा सापडला नाही. बातम्यांनी त्याचा अर्थ 'गोळ्या निरुपयोगी' असा लावला. आढाव्याने तो प्रश्न तपासलाच नव्हता. त्याआधी २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात २१ औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. फरक माफक होता, पण होता.

गोळी सोडतानाच्या त्रासाकडे मात्र फार काळ दुर्लक्ष झाले. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी २०१९ मध्ये भूमिका बदलून तो काहींना तीव्र आणि लांबणारा असू शकतो, हे मान्य केले. गोंदिया-बालाघाटहून नागपूरला येणाऱ्या रुग्णाची पुढची खेप चुकली, गोळ्या संपल्या, की चक्कर आणि डोक्यात विजेसारखे झटके सुरू होऊ शकतात. घरचे त्यालाच 'सवय लागली' म्हणतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्यामुळे त्यात हे कमी, पॅरोक्सेटिनमध्ये जास्त. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात ते यासाठीच.