रायफलीच्या लाकडी दस्त्याचे नूतनीकरण

रायफलीचा खांद्याला टेकणारा आणि नळीला खालून आधार देणारा लाकडी भाग म्हणजे दस्ता. जुन्या दस्त्यावरील मळ, ग्रीस आणि पोचे काढून त्याला पुन्हा तेल पाजण्याचे काम अमेरिकेत अनेक रायफलधारक घरीच करतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागत असल्याने हा तेथल्यासारखा घरगुती छंद झालेला नाही. अमेरिकी लष्कराने १९३६ मध्ये स्वीकारलेली आणि पुढे नागरिकांच्या हाती आलेली एम-१ गॅरँड ही अशा कामासाठी विशेष आवडती रायफल असून, तिचे लाकूडकाम तीन तुकड्यांत आणि बहुधा अक्रोडाचे असते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून लाकूड सुटे केले जाते आणि टर्पेंटाइनने पुसून घेतात. पोचलेल्या जागी ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवली की दबलेले तंतू वाफेने फुगतात व खळगा वर येतो. तंतूच तुटलेले असतील, तर मात्र वाफेचा उपयोग नाही. या वाफेने लाकडावर उभी राहणारी बारीक लव वाळल्यावर स्टील वूलने, म्हणजे बारीक पोलादी तंतूंच्या बोळ्याने, हलक्या हाताने काढतात.

खरा घात होतो तो पॉलिश पेपरने. दस्त्यावर तपासनिसांचे शिक्के आणि मुठीवर वर्तुळातील ‘पी’ हे चाचणीचे चिन्ह उमटवलेले असते. ते घासून गेले की संग्राहकाच्या लेखी दस्त्याचे मोल उतरते. शिवाय गॅरँडचा ट्रिगर गार्ड, म्हणजे चापाभोवतीची धातूची कडी, बंद करताना त्याच्या आणि वरच्या लोखंडी सांगाड्याच्या मध्ये दस्ता घट्ट आवळला जातो, त्यामुळे तेथील लाकूड थोडे जरी झिजले तरी पकड सैल होऊन नेम बिघडतो. शिकारी रायफलींच्या मुठीवर जाळी कोरण्यासारखी सजावट लष्करी दस्त्यावर विजोड दिसते.

तेल बहुधा जवसाचे, म्हणजे क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते. ‘उकळलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात धातूंची संयुगे घातलेली असल्याने ते साधारण दिवसभरात सुकते. पातळ हात तळव्याने चोळून जिरवावा आणि उरलेले तेल पुसून घ्यावे. जाड थर चिकट राहतो. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते व त्यात उष्णता निर्माण होते, म्हणून बोळा करून टाकलेल्या तेलकट चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.