उंदीर वरून मऊ लागला म्हणजे वितळला असं नाही

पाळलेल्या सापाला फ्रीजरमधला उंदीर देतात म्हटलं की कोल्हापुरात अजूनही बरेच जण तोंड वाकडं करतात, आणि बाकीचे ठामपणे सांगतात की साप मेलेलं खातच नाही, त्याला जिवंतच पाहिजे. हे खरं नाही. रानातले सापसुद्धा आयतं मेलेलं जनावर मिळालं तर खातात, तशा नोंदी भरपूर आहेत, आणि पाळलेल्या सापाला तर मेलेलाच उंदीर द्यावा, कारण कोंडलेला जिवंत उंदीर घाबरून उलटा सापालाच चावतो, डोळ्याला, जबड्याला, आणि त्या जखमा चिघळतात.

पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणाने. राजारामपुरीतल्या ओळखीच्या एका पोराकडे कॉर्न स्नेक आहे, त्याने गिळलेला उंदीर दुसऱ्या दिवशी तसाच बाहेर टाकला. घरात कोण म्हणतंय दृष्ट लागली, कोण म्हणतंय फ्रोझन उंदरांना केमिकल मारलेलं असतं. नीट विचारल्यावर कळलं की उंदीर फ्रीजरमधून काढला, गरम पाण्यात थोडा वेळ धरला, वरून मऊ लागला आणि दिला. माझा संशय तिथंच आहे. वरून मऊ आणि पोटात बर्फ, हे इतकं सहज घडतं की त्यामागचं भौतिकशास्त्र एकदा नीट समजून घ्यायलाच पाहिजे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. नाग, धामण, अजगर असले आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हौस म्हणूनसुद्धा. इथं बोलतोय ते बाहेरच्या देशातल्या, पिंजऱ्यात जन्मलेल्या सापांबद्दल, म्हणजे अमेरिकेतला कॉर्न स्नेक किंवा आफ्रिकेतला बॉल पायथन. त्यातला बॉल पायथन साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची सरकारदरबारी नोंदणी लागते, ती करा.

आता मुद्द्याचं. शाळेत आपण सुप्त उष्मा शिकलो होतो, एक ग्रॅम बर्फ शून्य अंशाला वितळवायला ८० कॅलरी लागतात, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. पण हा आकडा किती मोठा आहे बघा. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. २५ ग्रॅमचा उंदीर घेतला तर त्यात साधारण १७-१८ ग्रॅम पाणीच असतं. त्याला उणे १८ वरून शून्यावर आणायला दीडशे-एक कॅलरी पुरतात, पण नुसतं वितळायला लागतात चौदाशे, आणि वितळल्यावर ३८ अंशांपर्यंत गरम करायला सहा-सातशे. म्हणजे सगळ्यात जास्त उष्णता जिथं खर्च होते तिथं थर्मामीटरचा काटा हलतच नाही, शून्यापाशीच बसून राहतो. त्यामुळे बाहेरून अंदाज चुकतो.

आणि याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, ती शाळेत कुणी सांगितली नव्हती. बर्फ उष्णता पाण्यापेक्षा चांगली वाहून नेतो. चांगली म्हणजे जवळजवळ चौपट, बर्फाची उष्णतावाहकता २.२ च्या आसपास आणि पाण्याची ०.६ पेक्षाही थोडी कमी. मांसात पाण्याबरोबर प्रथिनं, चरबी असते त्यामुळे फरक जरा कमी होतो, तरी गोठलेलं मांस न गोठलेल्यापेक्षा तिप्पट वेगाने उष्णता जाऊ देतं. आता याचा परिणाम बघा. उंदीर गोठतो तेव्हा आधी बाहेरची साल गोठते, साल बर्फाची झाली की आतली उष्णता तिच्यातून पटापट बाहेर पडते, म्हणजे जितकं गोठेल तितकी पुढची वाट सोपी. वितळताना बरोबर उलटं. आधी बाहेरची साल वितळते, आणि वितळलेली साल म्हणजे आतल्या बर्फावर गोधडी पांघरल्यासारखंच, जितकं वितळेल तितकी गोधडी जाड आणि बाहेरची उष्णता आत पोचायला तितकाच उशीर. उघड्या भांड्यातलं पाणी निदान स्वतः ढवळलं तरी जातं, गरम वर गार खाली, पण मांसातलं पाणी पेशींत अडकलेलं असतं, ते हलत नाही, उष्णतेला कणाकणातून सरकतच जावं लागतं. म्हणून बाहेर शून्याखाली १८ असताना गोठायला लागणाऱ्या वेळेपेक्षा शून्यावर १८ असताना वितळायला वेळ जास्त लागतो, अंशांतला फरक दोन्हीकडे सारखाच असून.

याचं गणितही आहे. रुडॉल्फ प्लांक नावाच्या जर्मन इंजिनियरने १९१३ मध्ये ते मांडलं (क्वांटमवाला मॅक्स प्लांक वेगळा), आणि शीतगृहवाले त्याच्यावर आधारलेली समीकरणं अजून वापरतात. त्यात जाडी दोनदा येते, एकदा साधी आणि एकदा वर्ग करून. साधी जाडी गुणिले पृष्ठभागावरचा अडथळा, आणि जाडीचा वर्ग भागिले आतली उष्णतावाहकता. हवेत ठेवलं तर पहिला भाग भारी पडतो कारण हवा उष्णता देण्यात कंजूस, आणि कोमट पाण्यात ठेवलं तर पृष्ठभागाचा अडथळा जवळपास संपतो आणि वर्गाचा भाग राज्य करतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की वेळ चौपटीकडे जातो. कळलं नाही तरी चालेल, एवढंच धरा की पिंकीला म्हणजे केस न आलेल्या पिल्लाला जो वेळ लागतो त्यावरून मोठ्या उंदराचा अंदाज बांधायचा नाही. घूस नाही पण मोठा रॅट दिलात तर आणखीनच नाही.

मग मायक्रोवेव्ह का नको? तर तिथं बर्फ आणि पाण्याचा दुसरा फरक आडवा येतो. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्याच्या रेणूंना गदागदा हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते, पण बर्फात रेणू जागच्या जागी जखडलेले असतात, ते हलत नाहीत, त्यामुळे बर्फ त्या लहरी फारच कमी शोषतो. कुठंतरी एक ठिपका आधी वितळला की तो ठिपका जास्त शोषायला लागतो, जास्त शोषला की जास्त तापतो, म्हणजे शेजारी बर्फ असताना तिथं मांस शिजायला लागतं. वर पोटात वाफ कोंडली की उंदीर फुटतो, ते साफ करायची वेळ कुणावर येऊ नये. डीफ्रॉस्टचं बटण असतं ते मधे मधे थांबून उष्णता पसरायला वेळ देतं, मटणाला ठीक आहे, अख्ख्या उंदराला नाही.

अख्ख्या हा शब्द महत्त्वाचा. आपण मटण आणतो ते आतडी काढून, धुऊन. उंदीर आतड्यांसकट असतो, आणि आतड्यात जिवाणू असतात. गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत, साल्मोनेला तर फ्रीजरमध्ये निवांत टिकतो. ५ ते ६० अंश ही जिवाणू वाढायची पट्टी, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ओट्यावर ठेवलेला उंदीर बाहेरून तासन्तास त्याच पट्टीत असतो, आतला बर्फ अजून गेलेलाही नसतो.

म्हणून कामाचे दोन भाग करायचे आणि दोन्ही वेगळे ठेवायचे. वितळवणं सावकाश, म्हणजे आदल्या रात्री झिपलॉक पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डब्यात झाकून, ४ अंशांच्या आसपास. वेळ लागू दे, तिथं जिवाणू फार वाढत नाहीत. पूर्ण वितळला की गरम करणं मात्र झटपट, पिशवीसकट हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, उकळत्या नाही, उकळत्यात कातडी शिजते. बाहेर काढून पोट आणि छाती बोटांनी दाबून बघायची, कुठं टणक किंवा गार लागलं तर परत ठेवायचा. मग कोरडा करून लांब चिमट्याने द्यायचा, हाताने नाही.

गरम कशाला, थंड दिला तर काय बिघडतं? बॉल पायथनच्या ओठांवर खाचा असतात, त्या खाचांमध्ये उष्णता ओळखणारे मज्जातंतू असतात, अंधारातसुद्धा गरम जनावर त्याला कळतं. २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या गटाने दाखवलं की हे काम टीआरपीए१ नावाचं प्रथिन करतं, आणि गंमत म्हणजे तेच प्रथिन माणसात मोहरीचा झणका ओळखतं. आंबोलीच्या पावसाळी जंगलातल्या चापडा या विषारी सापालाही डोळा आणि नाकपुडीच्या मधे अशीच खाच असते, घोणसाला नसते. कॉर्न स्नेकला पण नाही, तो वासावर जातो, पण गरम उंदराचा वास जास्त सुटतो. शिवाय सापाचं अंग बाहेरच्या तापमानावर चालतं, पोटात गार गोळा गेला की पचनाचे एन्झाइम मंदावतात, आणि उंदीर पचण्याआधी सडायला लागला की साप तो बाहेर टाकतो. दृष्ट काढून काही होत नाही. जाता जाता तेही सांगतो, नागपंचमीला साप दूध पितो म्हणतात तो आधी पाण्यावाचून ठेवलेला, तहानलेला साप असतो. दूध हे त्याचं अन्नच नाही, त्याला ते पाजू नका.

हात साबणाने धुवायचे, उंदराचं भांडं-पिशवी स्वयंपाकाच्या वस्तूंत मिसळायची नाही, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपायचं.

राहता राहिली लाइट. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराच्या कितीतरी भागात दिवसच्या दिवस लाइट नव्हती. तेव्हा तोच ८० कॅलरीवाला हिशोब आपल्या बाजूने असतो, भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, त्यांचा बर्फ वितळेपर्यंत उंदीर वाचतात. लाइट आल्यावर दाबून बघायचं, आत बर्फाचे कण जाणवत असतील आणि अंग फ्रीजइतकं गार असेल तर ठेवायचा, पिलपिलीत आणि कोमट झाला असेल तर परत गोठवायचा नाही, खोल खड्डा करून पुरून टाकायचा. सापाला एक आठवडा उपास पडला तर काही होत नाही.