पाच थ्रेड लावूनही बिलं एकेकच निघत असतील तर

(आमची बिल-पीडीएफ सेवा पायथनमधून वापरणाऱ्या ग्राहकांसाठी. सबमिट, मॅप वगैरे शब्द इथे देवनागरीत आहेत; कोडमध्ये नेहमीच्या स्पेलिंगने लिहावेत.)

महिनाअखेरीला एक तक्रार हमखास येते: "मॅक्स वर्कर्स ५ दिलंय, तरी ६०० बिलांना २० मिनिटं लागतात. तुमचा सर्व्हर मंद आहे." मॅक्स वर्कर्स म्हणजे पूलमध्ये (पायथनचा थ्रेडपूलएक्झिक्युटर) एकाच वेळी काम करणारे जास्तीत जास्त किती थ्रेड, म्हणजेच वर्कर, ठेवायचे तो आकडा. आधी तुमच्या स्क्रिप्टमधली सबमिटची, म्हणजे पूलला काम सोपवणारी, ओळ बघा. बहुतेक वेळा ती अशी असते:

पूल.सबमिट(बिल_काढा(ग्राहक))

हवी अशी:

पूल.सबमिट(बिल_काढा, ग्राहक)

पहिल्या ओळीत बिल_काढा तिथल्या तिथे, मुख्य थ्रेडमध्येच चालून मोकळं होतं. पूलला मिळतं ते त्याचं उत्तर, बहुधा नन (पायथनचं 'काहीच नाही'). वर्कर ते नन फंक्शन समजून चालवायला जातो आणि टाइपएरर येते. ती फ्यूचरमध्येच (सबमिट परत देतं ती कामाची पावती) पडून राहते. रिझल्ट मागेपर्यंत दिसत नाही. बिलं तर बरोबर निघालेली असतात, मग शंका कोणाला येणार? खात्री करायची असेल तर बिल_काढा मध्ये चालू थ्रेडचं नाव प्रिंट करा. प्रत्येक वेळी 'मेनथ्रेड' आलं, तर चूक हीच. ओळ दुरुस्त केली की २ सेकंदांच्या एका बिलाच्या हिशोबाने २० मिनिटांचं काम साधारण ४ मिनिटांवर येतं. प्रत्येक फ्यूचरचा रिझल्ट मात्र मागाच, नाहीतर खरोखर अडलेलं बिलही कळणार नाही.

सबमिटऐवजी मॅप (यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन चालवणारं) वापरणाऱ्यांनी महिना सांभाळावा. मॅप(बिल_काढा, ग्राहक_यादी, "२०२५-०४") लिहिलंत, तर पायथन त्या मजकुराचं एकेक अक्षर वाटत जातं आणि ७ अक्षरं संपली की थांबतं. ६०० पैकी सातच विनंत्या, त्याही चुकीच्या महिन्याच्या. महिना इटरटूल्समधल्या रिपीटमध्ये गुंडाळून द्या. थेट थ्रेड बनवत असाल, तर आर्ग्जमध्ये एकाच मूल्यानंतरही स्वल्पविराम हवा: (ग्राहक,).

आता ५ ची मर्यादा. मॅक्स वर्कर्स लिहिलंच नाही, तर पायथन ३.८ पासून कोअरच्या संख्येत ४ मिळवून तेवढे थ्रेड धरले जातात, जास्तीत जास्त ३२. म्हणजे ८ कोअरच्या मशीनवर १२. आमच्याकडे एका चावीवर (एपीआय की) एका वेळी ५ विनंत्या चालतात. बाकीच्या ७ ना ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' हा एरर, मिळतं. ही मर्यादा आम्ही मुद्दाम ठेवली आहे. एकाच्या महिनाअखेरीच्या गठ्ठ्यापायी दुसऱ्याच्या काउंटरवर गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळू नये, एवढ्यासाठी. एकाच चावीवर दोन स्क्रिप्ट चालत असतील, तर ३ आणि २ अशी वाटणी करा.

तरीही अडलंच, तर पूल बनवण्यापासून रिझल्ट मागण्यापर्यंतच्या ओळी पाठवा, चावी पुसून. तपासणीचे पैसे घेत नाही. रोजची बिलं हजाराच्या वर जात असतील, तर १५ विनंत्यांची चावीही मिळते. पण ती घेण्याआधी सबमिटच्या ओळीतला कंस तपासा, कदाचित ५ पुरतील.