कार्ड गेले, रकाने राहिले

डिजिटल वाचन म्हटले की मोबाइल आणि ई-पुस्तक आठवते. ग्रंथालयात संगणक शिरला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि तोही पुस्तकांच्या सूचीच्या लाकडी खणातून.

त्या खणात 7.5 बाय 12.5 सेंटिमीटरची कार्डे असत. खालच्या कडेला भोक, त्यातून ओवलेली सळई. वाचकाने कार्ड उपसून नेऊ नये म्हणून. एका पुस्तकाला लेखक, शीर्षक, विषय अशी निदान तीन कार्डे लागत. सहलेखक, अनुवादक असले की आणखी. पुस्तक बाद केले की ती सगळी हुडकून काढायची. एखादे राहून गेले की वाचक कपाटापुढे नसलेले पुस्तक शोधत उभा.

1960 च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी हे कार्ड यंत्राला कळेल असे फोडले. तोच मार्क, म्हणजे यंत्राला वाचता येणाऱ्या नोंदीचा आराखडा. प्रत्येक तपशिलाला तीन अंकी रकाना: 100 लेखक, 245 शीर्षक, 650 विषय. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेची सामाईक ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. एकाने नोंद करायची, बाकीच्यांनी उचलायची. श्रम वाचले, पण एकाची चूकही सगळीकडे पोचू लागली.

चूक कशी, तर इंग्रजी शीर्षकाच्या सुरुवातीचा 'द' वर्णानुक्रमात धरत नाहीत. किती अक्षरे सोडायची, तो आकडा 245 रकान्याच्या दुसऱ्या दर्शकात, म्हणजे रकान्यापुढच्या एका अंकाच्या जागेत, भरतात. 'द'ची इंग्रजी अक्षरे तीन, पुढची मोकळी जागा एक, म्हणून 4. घाईत 0 पडला की पुस्तक 'टी'खाली जाऊन बसते. खणातल्या क्रमाची ही काळजी, पडद्यावरही तशीच.

पुढे ओपॅक आला, म्हणजे वाचकाने स्वतः संगणकावर चाळायची सूची. शोधयंत्रावर वाढलेला विद्यार्थी तिथे आख्खे वाक्य टाकतो आणि शून्य निकाल पाहून पुस्तकच नाही असे समजतो. साधी सूची पुस्तकाच्या पोटात शिरत नाही, ती नोंदीतले शब्दच तपासते. एक-दोन नेमके शब्द टाकावेत आणि सापडलेल्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर टिचकी मारावी. तिथून शेजारची पुस्तके हाती लागतात.

ई-पुस्तकातही कागद सुटला नाही. 1993 चे पीडीएफ पान जसेच्या तसे धरून ठेवते, म्हणून लहान पडद्यावर ते डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागते. 2007 च्या ईपब या ई-पुस्तकाच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, पण मग पान नंबर हलतो आणि प्रबंधात संदर्भ देताना पंचाईत होते. अशा वेळी प्रकरण आणि परिच्छेद क्रमांक द्यावा.

2011 मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने तर ग्रंथालयांसाठी ई-पुस्तकाला 26 वेळा देण्याची मर्यादा घातली. दोन आठवड्यांच्या मुदतीने ते जेमतेम वर्षभर पुरते. जी फाइल झिजत नाही, तिला कागदासारखे आयुष्य! परवाना संपल्यावर 856 रकान्यातला दुवा काढायला कुणी विसरले, की सूचीत पुस्तक दिसते, टिचकी मारली की उघडत नाही.