फाइल वेगळी, पण भिंत नाही : ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरतो तेव्हा

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला. विमानं रखडली, रुग्णालयांतली कामं अडली. ‘मायक्रोसॉफ्टचं अपडेट बिघडलं’ असं त्या दिवशी सगळीकडे ऐकू येत होतं, आणि ते चूक होतं. बिघाड क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून (एरवी उपकरणं चालवणारा प्रोग्रॅम तो ड्रायव्हर) थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. नव्या डेटा फाइलमुळे तो यादीतलं २१ वं मूल्य वाचायला गेला, पण यादीत मूल्यं होती २०. मेमरीत भलतीकडेच हात गेला आणि अख्खा संगणक कोसळला.

ड्रायव्हरची फाइल वेगळी असते, ती वेगळी बसवता येते, काढताही येते. म्हणून चालतानाही तो कर्नलपासून वेगळाच राहत असणार, असं आपण धरून चालतो. घोटाळा नेमका इथे आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा कोड उघडा आहे आणि प्रत्येक पायरी तपासून पाहता येते.

ब्राउझर चुकला तर तो एकटा बंद पडतो. दुसऱ्याच्या मेमरीला हात लावायला गेला, तर प्रोसेसरच त्याला अडवतो. कर्नलला मात्र सगळं मोकळं असतं, कारण मेमरी कुणाला किती द्यायची हे तोच ठरवतो. ड्रायव्हरला हार्डवेअरशी थेट बोलायचं असतं, त्यामुळे तोही आतच राहतो. सुरुवातीच्या लिनक्समध्ये सगळे ड्रायव्हर कर्नलच्या एकाच फाइलमध्ये असत. नवं कार्ड लावलं की कर्नल पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे मूळ कोडवरून प्रोसेसरला कळणारी फाइल नव्याने बनवायची, आणि संगणक रीस्टार्ट करायचा. १९९५ च्या १.२ आवृत्तीत लोडेबल मॉड्यूलची, म्हणजे चालू कर्नलमध्ये जोडता येणाऱ्या तुकड्यांची सोय होती. आज एखाद्या डिस्ट्रोबरोबर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचाबरोबर, हजारो मॉड्यूल डिस्कवर येतात, पण लोड होतात ती त्या यंत्राला लागतील तेवढीच.

आता मला सर्वात आवडणारा भाग. मॉड्यूलची फाइल हा पूर्ण झालेला प्रोग्रॅम नसतो. समजा, ड्रायव्हरला लॉगमध्ये एक ओळ लिहायची आहे. त्यासाठी कर्नलमधलं ‘प्रिंटके’ हे फंक्शन बोलवावं लागतं. नेहमीच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर ही हाक ५ बाइटची असते : पहिला बाइट सांगतो ‘उडी मार’, पुढचे ४ सांगतात ‘इतक्या अंतरावर’. पण कंपाइल होताना हे अंतर कुणालाच माहीत नसतं. मॉड्यूल मेमरीत कुठे बसेल ते ठरलेलं नाही, प्रिंटके कुठे असेल तेही नाही. म्हणून ते ४ बाइट शून्य ठेवतात आणि फाइलमध्येच एका तक्त्यात नोंद करतात : अमुक जागेपासूनचे ४ बाइट प्रिंटकेसाठी राखून ठेवले आहेत. छापील अर्जात नावापुढे रिकामी जागा सोडावी, तसंच हे.

लोड करताना कर्नल मॉड्यूलला मेमरी देतो, कोड तिथे उतरवतो आणि तक्ता उघडून रिकाम्या जागा भरायला घेतो. प्रत्येक नाव स्वतःच्या यादीत शोधतो. या यादीत सगळीच फंक्शनं नसतात. मॉड्यूलसाठी मुद्दाम खुली केलेली तेवढीच असतात, आणि त्यांतलीही काही फक्त जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या मॉड्यूलना मिळतात. नाव सापडलं नाही तर लोडिंग तिथेच थांबतं. सापडलं तर साधी वजाबाकी : प्रिंटके ५००० व्या पत्त्यावर असेल आणि हाकेनंतरची सूचना ९००० व्या पत्त्यावर, तर त्या ४ बाइटांत उणे ४००० लिहायचं. चार बाइटांत मागे-पुढे २ जीबीपर्यंतचंच अंतर मावतं. म्हणून ६४ बिटांचा एवढा अफाट पसारा असूनही मॉड्यूलना कर्नलच्या शेजारचीच जागा द्यावी लागते. जागा भरून झाल्या की कोडवर लिहिण्याची मुभा काढून घेतली जाते आणि मॉड्यूलचं सुरुवातीचं फंक्शन चालवलं जातं. ते पुन्हा लागणार नसतं, म्हणून त्याची मेमरी लगेच मोकळी होते. पूर्वी ही सगळी आकडेमोड कर्नलबाहेरचा ‘इन्समॉड’ प्रोग्रॅम करायचा. रस्टी रसेल यांनी ती कर्नलच्या आत आणली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीतून ती सर्वांपर्यंत पोहोचली.

यानंतर ड्रायव्हरची हाक आणि कर्नलची स्वतःची हाक यांत प्रोसेसरला काहीही फरक दिसत नाही. मध्ये दार नाही, पहारा नाही.

कोणतं मॉड्यूल हवं हे ठरवणं त्या मानाने सोपं. यूएसबी उपकरण जोडलं की ते आपल्या निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक सांगतं. कोणत्या क्रमांकांची उपकरणं आपण सांभाळतो ते मॉड्यूलनेही आधीच जाहीर केलेलं असतं. ‘मॉडप्रोब’ हा प्रोग्रॅम दोघांची जोडी जुळवतो आणि त्या मॉड्यूलला लागणारी इतर मॉड्यूल आधी लोड करतो. म्हणूनच ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट करा, संगणक दुप्पट वेगवान करा’ असल्या जाहिरातींपासून चार हात दूर राहा. नीट चालणारा ड्रायव्हर बदलून प्रोसेसर वेगवान होत नाही, आणि वर एका अनोळखी प्रोग्रॅमला कर्नलचं दार उघडून मिळतं.

मॉड्यूल काढताना जास्त जपावं लागतं. त्याचा कोड कुणी वापरत असतानाच मेमरी मोकळी केली, तर प्रोसेसर पुढची सूचना शोधणार कुठे? म्हणून कर्नल प्रत्येक मॉड्यूलच्या वापराची मोजणी ठेवतो. ‘एलएसमॉड’ आज्ञा दिली की हा आकडा दिसतो. तो शून्य होईपर्यंत मॉड्यूल काढायला साधारणपणे नकारच मिळतो.

लोड करण्याआधी तपासण्याही होतात. मॉड्यूल याच कर्नल आवृत्तीसाठी बनलंय का ते पाहतात. डिजिटल सहीही पडताळता येते. पण सहीवरून फाइल कुणाकडून आली एवढंच कळतं. आतलं गणित बरोबर आहे का, हे सही सांगू शकत नाही.

खरी भिंत हवी असेल तर ड्रायव्हर बाहेर काढावा लागतो. मिनिक्स ३ आणि क्यूएनएक्स या मायक्रोकर्नल (म्हणजे अगदी छोटा कर्नल असलेल्या) यंत्रणांत ड्रायव्हर साध्या प्रोग्रॅमसारखे वेगळे चालतात. प्रत्येक कामासाठी निरोपांची देवाणघेवाण करावी लागते आणि त्यात वेळ जातो. वेगवान नेटवर्क कार्डासाठी हा वेळ महाग पडू शकतो. स्कॅनरला त्याने काही फरक पडत नाही, आणि लिनक्समध्ये स्कॅनरचे ड्रायव्हर बहुतेक कर्नलबाहेरच चालतात. ज्या उपकरणाला एवढ्या वेगाची गरज नाही, त्याचा ड्रायव्हर आत घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.