पॉवर प्रेसखाली बोटं गेली तर: भरपाईचा अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

मुंबईत साकीनाक्याच्या किंवा चारकोपच्या गाळ्यात पॉवर प्रेसखाली, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनखाली, हात गेला की पहिली धावपळ रिक्षा आणि दवाखान्याची असते, आणि ती तशीच असायला हवी. पण दवाखान्यात ‘कसं लागलं?’ असं विचारतात, तेव्हा उत्तर बहुतेक वेळा सोबत आलेला सुपरवायझर देतो. ‘घरी पडला’ असं एकदा केसपेपरवर आलं की ते खोडून काढताना नाकी नऊ येतात. म्हणून जखमीबरोबर घरचं किंवा शेजारच्या मशिनवरचं कुणीतरी जावं. कारखान्याचं नाव, मशिन आणि वेळ पहिल्याच कागदावर लिहून घ्यावी. केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी, म्हणून नोंदवायला सांगावी.

पुढचा रस्ता कामगाराचा विमा आहे की नाही यावर ठरतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेला कारखाना आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार (अपंग कामगारासाठी २५,०००) असेल, तर कामगार राज्य विमा, म्हणजे आपण सगळे म्हणतो ते ईएसआयसी, लागू होतं. पगारपत्रकावर ०.७५ टक्के कपात दिसते का पाहा. ठेकेदाराचा माणूसही यात येतो. कामाला लागून किती दिवस झाले हा प्रश्न इथे येत नाही. आजारपणाच्या रजेला ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते, अपघाताला लागत नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे.

कारखान्याने अपघात वहीत नोंद करून २४ तासांत ईएसआयसीच्या शाखा कार्यालयाला अपघात अहवाल द्यायचा असतो. हाच फॉर्म १२, तो पोर्टलवरूनही भरता येतो. जखम गंभीर असेल तर तो लगेच जायला हवा. याची प्रत मागून घ्या. मिळत नसेल तर कामगाराने स्वतः शाखा कार्यालयाला साध्या कागदावर कळवावं आणि पोचशिक्का घ्यावा. माझ्या अनुभवात असा शिक्का असलेला अर्धा कागद वकिलाच्या चार पानी नोटिशीपेक्षा जास्त कामाला आला आहे.

अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं, तर बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी पॅनेल डॉक्टरचं (विमा योजनेशी जोडलेला डॉक्टर) किंवा विमा रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि फॉर्म ९ शाखा कार्यालयात द्यायचा. मुंबईत विमा योजनेची रुग्णालयं कांदिवली, अंधेरी, मुलुंड, वरळी, परळ इथे आहेत. ऑपरेशन तातडीने खासगी ठिकाणी झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जपून ठेवा. बरेच जण इथेच थांबतात. जखम भरली, रोजाचे पैसे बंद झाले, माणूस उरलेल्या बोटांनी पुन्हा प्रेसवर. बोट गेलेलं असतं, पण त्याचा अर्ज कुणीच केलेला नसतो! कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं, आणि ते काम आपणच मागे लागून करून घ्यावं लागतं. मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात पूर्ण अंगठ्याला ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४, एका हाताच्या चारही बोटांना ५० आणि पूर्ण पंजाला ६० टक्के आहेत. सरासरी रोज ६०० रुपये असेल, तर त्याचे ९० टक्के ५४०, आणि अंगठ्यापोटी त्याचे ३० टक्के म्हणजे रोज १६२ रुपये. या रोजच्या हिशेबाने रक्कम दरमहा, आयुष्यभर मिळते. नोकरी सुटली तरी थांबत नाही. मंडळाचा आकडा पटला नाही तर अपील आहे.

विमा नसेल, म्हणजे गाळ्यात सहा-सात माणसं असतील किंवा पगार मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर भरपाई मालकाकडून. तिचा अर्ज भरपाई आयुक्तांकडे जातो, आणि मुंबईत हे काम कामगार न्यायालय पाहतं. (विमा लागू असेल तर या रस्त्याने जाता येत नाही.) समजा अपघात २०२४ मधला, वय ३०, पगार १८,०००. हिशेबाला पगार १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक २०७.९८, गुणाकार १८,७१,८२०. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय दंडही लागू शकतो. ठेकेदार हात वर करत असेल तर मुख्य मालकाविरुद्ध दावा करता येतो.

कागद असे: केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, पोलीस जबाबाची प्रत, टक्केवारी लिहिलेलं डॉक्टरचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, आधार, बँक पासबुक, आणि नोकरीचा पुरावा. शेवटच्यावर गाडी अडते, कारण गाळ्यात पगार पाकिटातून मिळतो. तेव्हा गेटपास, हजेरीच्या पानाचा फोटो, सेठचे व्हॉट्सअॅप मेसेज, फोनवरून आलेले पैसे, सोबत्याचं प्रतिज्ञापत्र, जे असेल ते जोडा. मृत्यूच्या दाव्यात मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे कागदही लागतात.

‘गार्ड काढून चालवत होता, चूक त्याचीच’ हे वाक्य प्रत्येक दाव्यात येतं. (गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला लावलेला आडोसा.) नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचं कारण नाही. गार्ड मुद्दाम काढल्याचं मालकाने सिद्ध करावं लागतं, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तोही बचाव चालत नाही. गार्ड कुणाच्या सांगण्यावरून काढला होता, ते सोबत्यांच्या जबाबात यायला हवं. उत्पादन वाढावं म्हणून तो महिनोन्‌महिने भिंतीला टेकून असतो, हे गाळ्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा विमा कायदा यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यामुळे खिडकीवर आधी अपघाताची तारीख सांगा. तारीख त्याआधीची असेल तर दावा जुन्या कायद्याने चालेल, आणि त्याची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.

पन्नास हजार हातात ठेवून ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही घेतली असेल तरी घाबरू नका. भरपाईची तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागते. आणि हात गेल्यावर मुंबईत खोलीचं भाडं परवडेना म्हणून गावी परतला असाल, तर दावा राहत्या जिल्ह्यातही दाखल करता येतो, तारखेसाठी इथे यायची गरज नाही.